आणि वर नमस्कार

…नाही, वासाचं एक वेळ मी समजू शकतो, वासाचं काय, माणूस नाक बंद करतो आणि तोंडानं श्वास घेतो, पण तुम्हाला सांगतो, आपण तोंडानं श्वास घ्यायला आणि समोरच्याच्या हनुवटीवरचा घामाचा थेंब सुटायला एकच गाठ पडली, तर तो थेंब जातो कुठे? … हां. तिथेच. गेला. गिळलाही गेला, कारण छातीवर नव्वद किलोचा प्लंबर आडवा पडलेला असताना थुंकायला मान वळत नाही. मग सर म्हणाले सोडा, तो उठला, मी उठलो, आणि दोघं समोरासमोर उभे राहून, हात मांड्यांना चिकटवून, कमरेतून वाकून… नमस्कार! म्हणजे पाडलं त्यानं, आपटलो मी, घाम पाजला त्यानं, आणि वर नमस्कार!

आता माझ्यासारख्या माणसावर ही वेळ यावी का? माझं वय अठ्ठेचाळीस. धंदा चष्म्याचा. बावीस वर्षं मी लोकांचे चष्मे पुसतोय. तुमच्या चष्म्याला नाकावर टेकायला त्या दोन छोट्या पारदर्शक चकत्या असतात ना, त्यांच्या मागे काय साचतं ते तुम्हाला माहीत नाही. मला माहीत आहे. हिरवं असतं. बावीस वर्षं मी ते चिमट्यानं काढतोय, आणि काढून झालं की हात धुतोय. माझ्या खिशात तीन रुमाल असतात, एक काचेचा, एक हाताचा, एक तोंडाचा, आणि त्यांची सरमिसळ मी उभ्या आयुष्यात होऊ दिलेली नाही. आमची ही म्हणते, तुम्ही जन्मलात तेव्हा आधी डॉक्टरला हात धुऊन यायला सांगितलं असेल. सांगितलंही असेल! काय चुकलं?

मग असा माणूस ज्युदोला का गेला? विचारा ना. सगळेच विचारतात. गिऱ्हाईक विचारतं, शेजारी विचारतो, हाडांचा डॉक्टर तर आधी हसून घेतो आणि मग विचारतो.

आमच्या धाकटीमुळे.

धाकटी म्हणजे वय वर्षं अकरा, ऑरेंज बेल्ट. तीन वर्षं जात होती. सकाळी पावणेसहाला आपली आपण उठायची, आणि घरात मी बेसावध उभा दिसलो की पायात पाय अडकवायची. मग झाली ती स्पर्धा. आम्ही नवराबायको पुढच्या बाकावर. धाकटीसमोर एक वेणीवाली. पंचांनी हात वर केला, आणि नेमका माझ्या चष्म्यावर डाग. आता पोरीचा सामना डागातून बघायचा का? मी चष्मा काढला, काचेचा रुमाल काढला, हुं करून वाफ सोडली, पुसला, लावला… आणि सामना संपलेला. चार सेकंद! धाकटी पाठीवर, वेणीवाली हात वर करून उभी. अहो, चार सेकंदांत एक काच पुसून होत नाही, माझ्या तर दोन होत्या.

घरी येताना तिनं मागच्या सीटवरून विचारलं, “बाबा, पाहिलंस?” आणि मी शहाणा! मी हसत हसत सांगितलं, अगं, मी चष्मा पुसत होतो, पुसून होतोय तोवर तू झोपलीस पण! मला वाटलं, जरा हसेल, मन हलकं होईल. वर आणखी म्हणालो, पडलीस तर पडलीस, पडण्यात काय एवढं. आमच्या हिनं माझ्याकडे असं बघितलं की पुढे घर येईपर्यंत मी रस्ताच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ड्रेसची घडी कपाटाच्या वर गेली. धाकटी उठेना. बरं, ज्युदो सुटलं तर सुटलं, जगात काय ज्युदोवाचून कुणाचं अडतं का? पण नुसतं ज्युदो नाही हो सुटलं. शाळेतली धावण्याची शर्यत नको म्हणाली. नाटकात घेतलं होतं, तिथून नाव काढून आली. सायकल नको. आणि एके दिवशी मी दुकानात जायला निघालो तर ही माझ्या पुढे जिना उतरत होती… कठडा धरून. अकरा वर्षांची पोर, जी एका वेळी तीन-तीन पायऱ्या उडवायची, ती एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, कठडा धरून उतरत होती.

म्हणून त्या संध्याकाळी जेवताना मी पुन्हा तेच पुराण लावलं, की पडण्यात एवढं काही नसतं, माणूस पडतो, उठतो, कपडे झटकतो. तिनं चमचा खाली ठेवला. “मग तू पडून दाखव,” म्हणाली. “सगळ्यांसमोर. यलो बेल्टची परीक्षा दे, सगळ्यात पहिली असते ती. मी बघायला येईन. मग मी ठरवीन.”

मी आमच्या हिच्याकडे बघितलं. वाटलं, ही काहीतरी बोलेल, ह्यांची पाठ, ह्यांचं वय… ती म्हणाली, द्या की. पडण्यात काय एवढं!

आता तो हॉल. टायरच्या गोदामावरचा पहिला मजला. खिडक्या इतक्या उंचावर की त्या कधी कुणी उघडल्या असतील असं वाटत नाही. आत पाऊल टाकलं आणि वीस वर्षांच्या पायांचा वास एकदम अंगावर आला. आजच्या पायांचा नव्हे, वीस वर्षांच्या! जे लोक शिकून, नोकरीला लागून, परगावी गेले, त्यांचेसुद्धा पाय तिथे मागे राहिलेत. खाली मॅट. कधीकाळी हिरवी असावी. आणि दारात उभा असलेला पहिला माणूस त्या मॅटकडे तोंड करून वाकला. मी विचारलं, काय सांडलं का? तर म्हणे नमस्कार. मॅटला! मॅटला नमस्कार, सरांना नमस्कार, जोडीदाराला नमस्कार, पाडायच्या आधी नमस्कार, पाडून झाल्यावर नमस्कार. मी म्हटलं, इतका मान आहे मॅटला तर कुणी एकदा धुवा की तिला!

हे बोललो, आणि तिथेच फसलो.

सर म्हणजे साठीचा बारीकसा माणूस, लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेला. बोलायला अगदी कमी. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कोपऱ्यातली बादली दाखवली आणि सांगितलं की इथे मॅट पुसायचं काम सगळ्यात शेवटी आलेल्या माणसाचं. शेवटी कोण आलंय? मी. मी म्हटलं, अहो, इथे सात वर्षांची मुलं आहेत. तर म्हणे इथे वय बघत नाहीत, बेल्ट बघतात. ती सात वर्षांची माझ्या आधी आलेली. नवीन कुणी येईपर्यंत फडकं तुमचं. फडकं! त्याला फडकं म्हणायचं? तो एके काळी कुणाचा तरी बनियन होता, बाह्यांची भोकं जशीच्या तशी! मी तो दोन बोटांत धरला. सर म्हणाले, दोन्ही हातांनी. मी गुडघे टेकून ती मॅट पुसली, आणि मला काय काय सापडलं ते जेवणाआधी सांगत नाही. एक सांगतो, नख. पायाच्या अंगठ्याचं, अख्खं. असं नख माणसाचं गळून पडतं आणि माणसाला पत्ता नसतो? शोधायला यायला नको का? आणि पुसून झाल्यावर, गुडघ्यावर बसल्या बसल्या, त्या मॅटलाच… आणि वर नमस्कार!

ड्रेस. माझ्या मापाचा यायचा होता, तोवर म्हणाले, कपाटातला घाला. कपाटात एक होता. काढला तर चांगला कडक. मी मनात म्हटलं, वा, निदान स्टार्च तरी करतात. … स्टार्च नव्हता हो तो. अंगातल्या उबेनं तो हळूहळू मऊ पडत गेला तेव्हा मला कळलं. मऊ पडला, आणि बोलायला लागला! कोण कुठला तो आधीचा माणूस, मी त्याला कधी पाहिलं नाही, पण तो कांदा भरपूर खायचा एवढं मी शपथेवर सांगू शकतो.

आणि चष्मा काढायचा. माझा नंबर उणे सहा. चष्मा काढला की माझ्यासाठी माणसं संपतात, नुसते डाग उरतात. एका परीनं बरंच, घाण दिसत नाही. पण जे दिसत नाही ते पायाला लागतं! पायाखाली काहीतरी ओलं आहे, आणि ते काय आहे हे बघता येत नाही… अशा वेळी माणसाची कल्पनाशक्ती फार वाईट.

शिकवलं काय? तुम्हाला वाटेल, डाव. हात धर, उचल, फेक. छे! सहा आठवडे नुसतं पडायला शिकवलं. मागे पड, डावीकडे पड, उजवीकडे पड, पुढे कोलांटी घेऊन पड. पडताना हनुवटी छातीला आणि मॅटवर तळहाताची जोरात थाप, म्हणजे धक्का हातातून निघून जातो म्हणे. माझा धक्का कुठूनही निघून गेला नाही, तो अजून कमरेत आहे. मी पडायचो, वाटायचं, बरा पडलो. तो डाग, म्हणजे सर, येऊन बघायचे आणि म्हणायचे, “पुन्हा.” बस्. बरं नाही, वाईट नाही, लागलं का नाही. “पुन्हा.” लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी हा माणूस काय बोलत असेल देव जाणे.

आणि जोडीदार दिला नळवाला. तोच तो, ज्याचा घाम मी प्यालो. आता माणूस म्हणून सोन्यासारखा, मला पाडायच्या आधी कानात सांगायचा, काका, पाडतो हं. पण धंदा कसला? तुंबलेलं मोकळं करायचा. पहाटे कुणाचं तरी न्हाणीघर तुंबायचं, हा तिथून थेट यायचा, आणि माझी कॉलर धरायच्या आधी दोन्ही पंजे माझ्या नाकासमोर आणून म्हणायचा, “हात धुतलेत, काका. कोपरापर्यंत.” कोपराच्या वर काय, ते मी कधी विचारलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं माणसानं मागू नयेत. मग तो मला दाबून धरायचा, माझं नाक त्याच्या बगलेत, कोपराच्या बरंच वर, आणि सुटका कशी? तर मॅटवर दोनदा थापटायचं, की तो सोडतो. मी तर त्यानं धरायच्या आधीच थापटायचो. सर म्हणायचे, पुन्हा. नळवाला सोडायचा, हात देऊन उठवायचा, आणि मग दोघं समोरासमोर… बगलेत नाक कोंबलं, आणि वर नमस्कार!

एकदा घरी येऊन आंघोळीला निघालो तर आमची ही मागून म्हणाली, थांबा, तुमच्या पाठीला काय चिकटलंय? काढून बघितलं, तर जखमेवर लावायची पट्टी. वापरलेली. ती विचारते, तुम्हाला कुठे लागलं? मी म्हटलं, मला नाही लागलं. मग कुणाची? … कुणाची! मी काय सांगणार कुणाची? त्या दिवशी मी तीनदा आंघोळ केली, दुकानात जाऊन हात धुतले, आणि संध्याकाळी ठरवलं, बस्. पुरे. उद्यापासून नाही.

आणि सकाळी उठून गेलो. कारण सांगतो. रोज मी घरी यायचो, तेव्हा धाकटी टेबलाशी बसलेली असायची, पुढ्यात दुधाचा पेला. माझ्याकडे न बघता विचारायची, आज? मी म्हणायचो, पडलो. ती म्हणायची, हं. एवढंच संभाषण. पण त्या पट्टीच्या संध्याकाळी मी सोफ्यावर मान चोळत बसलो होतो, मनात राजीनामा तयार, तर धाकटी आली आणि म्हणाली, “हनुवटी वर राहते तुझी. म्हणून मान दुखते.” आणि स्वतःची हनुवटी छातीला लावून दाखवली. दोन महिन्यांत ज्युदोचा पहिला शब्द काढला होता तिनं. आता कसला राजीनामा द्यायचा?

तर, परीक्षा. सुट्टीचा दिवस, सकाळी दहाला. मुलांचे आईबाप, आजीआजोबा, साठेक माणसं बाकांवर बसणार. आणि परीक्षक कोण, तर मोठे सर, म्हणजे आमच्या सरांचे सर, वय वर्षं ब्याऐंशी. मी विचार केला, इतकी मोठी माणसं येणार, धाकटी येणार, आणि त्या मॅटवर आपण मानेनं पडणार… निदान मॅट तरी माणसात असावी. बनियन मी महिन्यापूर्वीच केराच्या डब्यात टाकला होता, दुकानातली चांगली मऊ फडकी नेत होतो. पण त्या दिवशी म्हटलं, काम करायचं तर पक्कं करू. सातला हॉलवर गेलो. बरोबर दुकानातला कॅन. आम्ही शोकेसच्या काउंटरला लावतो ते पॉलिश, लिंबाच्या वासाचं. धूळ धरत नाही, बोटांचे ठसे उमटत नाहीत. एकूण एक मॅट साबणानं धुतली, वाळवली, आणि वरून पॉलिशचा हात. एक नाही, दोन! तुम्हाला सांगतो, ती मॅट हिरवी निघाली. वीस वर्षांत प्रथमच! वास गेला. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो आणि मला… हसू नका, मला भरून आलं होतं.

दहा वाजता लोक आले. सगळे म्हणताहेत, वा, काय चमकतंय. नळवाला म्हणाला, काका, तोंड दिसतंय त्यात. मी नम्रपणे चष्मा काढला, बुटात ठेवला, रांगेत उभा राहिलो. सरांनी हुकूम दिला, बसा. आम्ही बावीस जण गुडघ्यावर बसायला गेलो… आणि कुणीच बसलं नाही. बावीसच्या बावीस आडवे! छोटी मुलं तर पोटावर पडून थेट भिंतीपर्यंत गेली आणि तिथून ओरडायला लागली की पुन्हा, पुन्हा. मी नळवाल्याला धरलं, नळवाल्यानं मला धरलं, दोघं मिठी मारून हॉलच्या त्या टोकाला गेलो, अगदी सावकाश, समारंभानं निघाल्यासारखे. बाकांवर सगळे उभे राहिले. आणि अशात मोठे सर आत आले. कुणीतरी ओरडलं, थांबा! पण त्यांचा नमस्कार चालू होता, ब्याऐंशी वर्षांच्या माणसाचा नमस्कार लवकर संपत नाही. तो संपला आणि त्यांनी मॅटवर पाऊल टाकलं.

मला चष्म्याशिवाय काय दिसणार? एक पांढरा डाग वर गेलेला दिसला. वर! साठ माणसांचा श्वास अडकल्याचा आवाज आला, आणि मग ठप्प! एकच थाप. इतकी स्वच्छ थाप मी सहा आठवड्यांत ऐकली नव्हती. मी डोळे मिटले. म्हटलं, संपलं, आपण माणूस मारला. डोळे उघडले तर तो डाग उभा होता. उभं राहून त्या डागानं ड्रेस नीट केला, मॅटकडे वळला, आणि वाकला. अहो, तिनं त्याला पाडलं होतं! या वयात! आणि वर नमस्कार!

मग त्यांनी विचारलं, कोणी पुसलंय? मी हात वर केला. चोरासारखा नाही, पण जवळजवळ तसाच. ते म्हणाले, “छान पुसलंय.” जरा थांबले. “पुन्हा.” तेव्हा मला कळलं, आमचे सर हे कुणाकडून शिकले.

म्हणजे सगळी मॅट परत साबणपाण्यानं धुवायची, साठ माणसांसमोर, गुडघ्यावर! परीक्षा तासभर पुढे. मी घसरत घसरत कडेला आलो, चष्मा बुटातून काढला, तर दोन्ही काचांवर पॉलिशचे अंगठे. आणि त्या धुक्यातून मला एवढं दिसलं की धाकटी बाकावरून उतरलीय. मॅटच्या कडेला आली, मॅटला वाकली, सवयीनं, बादलीतलं दुसरं फडकं उचललं, आणि तुरुतुरु माझ्या दिशेनं निघाली. मोजे घालून! मोजे आणि पॉलिश! मला कळलं, ही आता पडणार. साठ माणसांसमोर. पुन्हा. आणि माझा हात… हात आपोआप चष्मा पुसायला खिशाकडे गेला. ड्रेसला खिसा नसतो. मग बाहीनं पुसायला गेला. आणि तिथेच थांबला.

नाही पुसला. तसाच लावला, अंगठ्यांसकट. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी घाणेरडा चष्मा डोळ्यांना लावला आणि बघितलं. दोन्ही पाय सटकले. हनुवटी छातीला, उजवा हात बाहेर, ठप्प. काय पडली हो! काय सुंदर पडली! पडल्या पडल्या पाच-सात फूट घसरत माझ्या पायाशी येऊन थांबली. सगळे बघत होते. ती छताकडे बघत होती. आणि मग हसायला लागली, इतकी की तिला उठता येईना. आडव्या आडव्याच विचारलं, “बाबा, पाहिलंस?”

“पाहिलं,” मी म्हटलं. मग चष्म्याखालून बाहीनं डोळे पुसले. पॉलिशचा वास फार होता.

मग आम्ही दोघांनी मिळून मॅट धुतली. ती सारखी मुद्दाम घसरत होती. नंतर माझी परीक्षा झाली. निकाल सांगतो: पडण्यात पहिला, पाडण्यात नापास. नळवाला माझ्यानं हललासुद्धा नाही, तो बिचारा स्वतःहून पडायला बघत होता, पण सरांनी पकडलं. तेव्हा यलो बेल्ट नाही. बेल्ट पांढराच. मी घरी येताना म्हटलं, चला, बोलल्याप्रमाणे आपण पडून दाखवलं, आपलं काम झालं. सोमवारी पावणेसहाला कुणीतरी माझं पांघरूण ओढलं. धाकटी. ड्रेस घालून उभी. म्हणाली, चल, उशीर होतोय. मी म्हटलं, अगं, तू जा ना आता. तर म्हणते कशी, नापास झालास म्हणून सोडून देणार? … माझ्याच घरात, माझंच पुराण, मलाच!

ती आता जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरते. मी कठडा धरून उतरतो. कमरेमुळे.

आणि ऐका, मागच्या आठवड्यात देव पावला. एक नवीन माणूस आला! विमा एजंट. म्हणजे नियमाप्रमाणे फडकं त्याचं. मी दोन्ही हातांनी ते त्याला दिलं, डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, यानं मधूनमधून पुसलंय! कडा तशाच. कोपऱ्यात केस. लांब केस, गुंतवळच! मी म्हटलं, आपल्याला काय, आपण सुटलो. एक दिवस दम धरला. दोन दिवस धरला. तिसऱ्या दिवशी माझं डोकं नेमकं त्या कोपऱ्यात आपटलं… आणि चौथ्या दिवशी मी त्याच्या हातातून फडकं काढून घेतलं. स्वतःहून! आता तो भिंतीला टेकून उभा असतो, मी गुडघ्यावर, आणि वरून दाखवतो, काका, तिथे थोडं राहिलंय.

आणि जोडीदार बदलला. सर म्हणाले, वजन नाही बघायचं, वय नाही बघायचं, आणि धाकटीला माझ्यासमोर उभं केलं. चौतीस किलोची पोर! कॉलर धरते, वळते, आणि मी हवेत. ठप्प. मग छातीवर आडवी पडून दाबून धरते. परवा असंच धरलं होतं, मी नेहमीसारखा तोंडानं श्वास घेत होतो, आणि तिच्या हनुवटीवरून एक थेंब सुटला. आला की सरळ… हां. तिथेच. गिळला. तुम्हाला वाटेल, पोटच्या पोरीचा, काय वाटायचंय त्यात? अहो, घाम तो घाम! पोटच्या पोरीचा म्हणून काय त्याचं गुलाबपाणी होतं? खारट! मी मॅटवर दोनदा थापटलं, तिनं सोडलं, मी कंबर धरून उठलो, ड्रेस नीट केला. समोर ती उभी, हात मांड्यांना लावून, वाट बघत. आणि मी, या वयाला, स्वतःच्या पोरीला, कमरेतून वाकून… आणि वर नमस्कार.

मान वर करतोय तोवर म्हणाली, “पुन्हा.”